नाथसागराचे पाठभेद

चक्रवाक हा पक्षी आम्ही दोघे गेली वीस-बावीस वर्षे शिकवत आलो आहोत. एकजण नांदेडच्या महाविद्यालयात आणि एकजण लातूरच्या. ‘कविसंकेत’ या शीर्षकाखाली तो येतो. हंसाचा नीरक्षीरविवेक, चकोराचे चांदणे पिणे, चातकाचे मेघाकडे पाहणे आणि चक्रवाकाचा रात्रीचा विरह, असा या चौघांचा एक गट करून आम्ही तो फळ्यावर मांडतो. विद्यार्थी तो गट पाठ करतात, परीक्षेत टीप लिहितात, आम्ही पाचपैकी चार गुण देतो. या साऱ्या व्यवहारात चक्रवाक कोणीच पाहिलेला नसतो. विद्यार्थ्यांनी नाही, परीक्षकांनी नाही आणि, सांगायला संकोच वाटतो, पण आम्हीही नाही.

दोन-तीन वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने वर्गात विचारले, ‘‘सर, हा पक्षी खरंच असतो का?’’ आम्ही उत्तर दिले, ‘‘असतो, पण आपल्याकडे नाही.’’ उत्तर देताना आवाजात कोणतीही शंका नव्हती. अध्यापनाच्या व्यवसायात ही एक सवय लागते. जे ठाऊक नाही तेही ठाम स्वरात सांगता येऊ लागते. तो मुलगा खाली बसला. प्रश्न मात्र आमच्या मनात उभाच राहिला. सुट्टीत मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षीकोश’ आणि सलीम अली यांचे पुस्तक घेऊन बसलो, तेव्हा उलगडा झाला. चक्रवाक म्हणजे लोक ज्याला ब्राह्मणी बदक म्हणतात तोच पक्षी. तो दर हिवाळ्यात आपल्या मराठवाड्यात येतो. गोदावरीच्या पाण्यावर उतरतो. ज्या नदीच्या काठी आमच्यापैकी एकजण राहतो, तिच्याच वरच्या अंगाला, पैठणच्या नाथसागरावर तो महिनोन्‌महिने मुक्कामाला असतो. वर्गात दिलेले उत्तर साफ चुकीचे होते.

चुकीचे उत्तर दुरुस्त करण्याचा सरळ मार्ग म्हणजे वर्गात जाऊन तसे सांगणे. ते आम्ही केले. पण तेवढ्याने समाधान होईना. म्हणून २०२५ च्या फेब्रुवारीत दोन्ही महाविद्यालयांतील मराठीचे बावीस विद्यार्थी घेऊन आम्ही पैठणला गेलो. नांदेडची मुले आणि लातूरची मुले आदल्या रात्री पैठणलाच एकत्र आली आणि पहाटे अंधारात आम्ही सोनेवाडीच्या बाजूने पाण्याकाठी पोहोचलो.

नाथसागर म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय. जायकवाडी हे नाव खरे तर बीड जिल्ह्यातील एका गावाचे. मूळ बेत त्या गावाजवळ धरण बांधण्याचा होता. पुढे जागा सुमारे शंभर किलोमीटर वर, पैठणला सरकली, नाव मात्र तेच राहिले. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते उद्‌घाटन. सुमारे दहा किलोमीटर लांबीची मातीची भिंत आणि सत्तावीस दरवाजे. पसरट पठारावर अडवलेले पाणी असल्यामुळे तलाव खोल कमी आणि रुंद जास्त. भरला म्हणजे साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास पसरतो. मध्ये लहानमोठी बेटे आहेत. कडेला मैलोगणती उथळ पाणी आणि चिखल. पक्ष्यांना हेच हवे असते. १९८६ मध्ये हा जलाशय पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला.

हे सगळे आम्ही त्या पहाटे मुलांना सांगत होतो. नुसते एवढेच सांगून थांबलो असतो तर बरे झाले असते. पण जागाच अशी की मराठीच्या शिक्षकाला आवरणे कठीण. धरणाच्या पायथ्याशी पैठण, म्हणजे सातवाहनांचे प्रतिष्ठान. ज्या हाल राजाच्या नावावर ‘गाथासप्तशती’ आहे त्याची राजधानी, आणि त्या गाथांत ‘गोला’ या नावाने वाहणारी ही गोदावरी. थोडे खाली आपेगाव, ज्ञानदेवांचे गाव. जलाशयाचे वरचे टोक प्रवरासंगमापर्यंत गेलेले, आणि तिथून प्रवरेच्या काठाने जवळच नेवासे, जिथे शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. मग चक्रधरस्वामी, लीळाचरित्र, एकनाथ. आम्ही दोघे आळीपाळीने बोलत होतो. एकाचे संपले की दुसऱ्याचे सुरू होत होते. पूर्वेला तांबडे फुटत होते आणि आमचा आवाज, वर्गातला, शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणारा, पाण्यावरून दूर जात होता.

तेवढ्यात समोरच्या धुक्यातून काहीतरी मोठे, जिवंत, एकदम उठले. शेकडो पंखांचा आवाज झाला. एक अख्खा थवा पाण्यावरून उचलला गेला आणि दूर बेटाच्या पलीकडे जाऊन बसला. कोणते पक्षी होते ते कोणालाच दिसले नाही. लातूरची एक मुलगी हळूच म्हणाली, ‘‘मॅडम, आधी बघू द्या ना.’’

तिच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता, विनंती होती. आम्ही गप्प झालो. अर्धा तास कोणीही बोलायचे नाही असे ठरले आणि तो नियम सर्वांत कठीण आम्हालाच गेला.

त्या अर्ध्या तासात जे दिसले ते सांगतो. आधी आवाज आले. टिटवी, मग पाण्यात बुडी मारून पुन्हा वर येणाऱ्या टिबुकलीची किलबिल. धुके विरळ झाले तसे काठाच्या चिखलात लांब गुलाबी पायांवर चालणारे शेकाटे दिसू लागले. चमचा पक्षी चोच पाण्यात घालून मान डावी-उजवीकडे हलवत चालले होते, आजी ताक घुसळते तितक्या शांतपणे. पुढे खुल्या पाण्यावर काळ्या पक्ष्यांचा मोठा जमाव, प्रत्येकाच्या कपाळावर पांढरा ठिपका. आणि फार दूर, बेटाच्या कडेला, एक फिकट गुलाबी रेघ होती. दुर्बिणीतून पाहिले तेव्हा ती रेघ सुटी झाली आणि तिचे रोहित पक्षी झाले. माना खाली, चोची उलट्या करून पाण्यातले बारीक जीव गाळून खाण्यात गढलेले. मुलांच्या हातांतून दुर्बीण फिरत होती आणि कोणी कोणाला काही समजावत नव्हते.

अर्धा तास संपल्यावर मुलांनीच विचारायला सुरुवात केली, आणि तेव्हा आमच्या ध्यानात आले की पाहून झाल्यावर विचारलेला प्रश्न किती वेगळा असतो. ‘‘ते काळे, टिळा लावल्यासारखे कोण?’’ त्यांचे एक मराठी नाव ‘वारकरी’. नाव सांगताच सगळे हसले आणि पुन्हा त्यांच्याकडे पाहू लागले. फाल्गुन वद्य षष्ठी महिन्याभरावर आली होती, नाथांच्या समाधीला दिंड्या येणार होत्या, आणि पाण्यावर ही एक दिंडी आधीच येऊन थांबली होती. ज्या कोणी हे नाव प्रथम दिले त्याने तो पक्षी नीट पाहिला होता. चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी संस्कृत ग्रंथांतून आणि रानातल्या माणसांच्या तोंडून अशी नावे गोळा केली, याचे मोल आम्हाला काठावर उभे राहिल्यावर कळले. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला, हिमालय ओलांडून येणारा हंसाच्या कुळातला पक्षी मराठीत ‘पट्टकादंब’ आहे. त्यातला ‘कादंब’ शब्द संस्कृत काव्यातला आहे. शरीराला यंत्र बांधून केलेल्या मोजणीत हे पक्षी सात हजार मीटरहून अधिक उंचीवर उडताना आढळले आहेत. ही माहिती सांगितल्यावर मुलांनी त्या गवत खाणाऱ्या, जराशा बेढब चालणाऱ्या पक्ष्यांकडे ज्या नजरेने पाहिले, त्या नजरेत आधीपेक्षा काही कमी झालेले नव्हते. स्पष्टीकरणाने आस्वाद नासतो असे म्हणण्याची आपल्याकडे प्रथा आहे. आम्हाला वाटते, नासतो तो अवेळी केलेल्या स्पष्टीकरणाने.

चक्रवाक आम्हाला साडेआठच्या सुमारास दिसला. एका मातीच्या उंचवट्यावर पाच-सहा जोड्या ऊन खात बसल्या होत्या. अंग भगवट-तांबूस, डोके फिकट. उडाले म्हणजे पंखांवर पांढरा पट्टा झळकतो. जोडीतले दोघे एकमेकांपासून हातभर अंतरावर, अगदी स्वस्थ. वीस वर्षे ज्याच्या विरहावर टिपा तपासल्या तो पक्षी समोर जोडीने बसलेला पाहून आम्हाला काय वाटले हे लिहिणे कठीण आहे. थोडे हसू आले, थोडी शरमही वाटली.

काठाशी थर्माकोलच्या तराफ्यावरून एक वयस्क मच्छीमार जाळे उतरवत होते. आम्ही त्यांना त्या पक्ष्यांचे नाव विचारले. ‘‘ते व्हय? ते चकवा-चकवी. रातभर वरडतेत.’’ का ओरडतात, असे विचारल्यावर ते म्हणाले, ‘‘आता ते त्यांलाच ठावं.’’

‘आता ते त्यांलाच ठावं’ हे वाक्य आम्ही नंतर पुष्कळदा आठवले. पक्षी-अभ्यासक सांगतात की हे बदक दिवसा बराच वेळ विश्रांती घेते आणि रात्रीही चरते. अंधारात चरताना जोडीतले दोघे पांगत असतील, एकमेकांना साद घालत असतील. ती साद नदीकाठच्या कोणा कवीने ऐकली असेल आणि तिला विरह म्हटले असेल. शाकुंतलाच्या तिसऱ्या अंकात चक्रवाकवधूला उद्देशून जो इशारा येतो, त्यामागे असे एक खरे ऐकणे असावे असे आता वाटते. पण कवींना या पक्ष्याचे अर्धेच चरित्र ठाऊक होते. तो इथे येतो तो साधारण ऑक्टोबर ते एप्रिल. घरटे करतो ते लडाख, तिबेट, मध्य आशियाच्या उंच तलावांकाठी, कड्यांतल्या आणि जमिनीतल्या बिळांत. त्याची पिल्ले आपल्या कवींपैकी फारच थोड्यांनी पाहिली असतील. आपल्या वाङ्मयातला चक्रवाक हा कायमचा प्रवासातला, बिऱ्हाडावरचा चक्रवाक आहे. त्याच्या स्वरात कोणाला विरह ऐकू आला तर नवल नाही. फक्त तो विरह त्या पक्ष्याचा की ऐकणाराचा, हे विचारायला हवे.

ऊन चढल्यावर आम्ही बाभळीखाली बसलो. जेवणाचे डबे उघडले आणि बोलणे पाण्यावर आले. आमच्यापैकी जी लातूरची, तिला कोणताही जलाशय पाहिला की टक्केवारी आठवते. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले होते, लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागू करावी लागली होती, आणि एप्रिलपासून मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. बरोबर आलेली लातूरची मुले तेव्हा अकरा-बारा वर्षांची होती. घागरी घेऊन रांगेत उभे राहणे ही त्यांची शाळेतली आठवण आहे. त्यांच्यापैकी एकाने समोरच्या पाण्याकडे पाहून पहिला प्रश्न विचारला तो असा : ‘‘सर, सध्या किती टक्के?’’

हाही आस्वादाचा एक प्रकार आहे आणि तो खोटा नाही. नाथसागराची एकूण क्षमता सुमारे १०३ टीएमसी. त्यातला सुमारे २६ टीएमसी ‘मृत साठा’, उरलेला ‘जिवंत साठा’. अभियंत्यांच्या भाषेत हे दोन शब्द किती सहज वापरले जातात! दरवाजे आणि कालवे यांच्या पातळीखालचे पाणी ते मृत. २०१३ आणि २०१६ च्या उन्हाळ्यात जिवंत साठा संपला आणि या मृत पाण्यावर गावे-शहरे तगली. आता पक्ष्यांच्या बाजूने पाहा. धरण काठोकाठ भरलेले असते तेव्हा चिखलात चालणाऱ्या पक्ष्यांना पाय टेकायला जागा नसते. पाणी उतरू लागते, दलदल उघडी पडते, शिंपले-किडे हाताशी, म्हणजे चोचीशी, येतात, तेव्हा त्यांची सुगी सुरू होते. त्याच उघड्या पडलेल्या गाळात शेतकरी गहू-हरभऱ्याची गाळपेर करतात. एका बाजूला आमचा लातूरचा मुलगा पाणी उतरताना पाहून धास्तावणार, दुसऱ्या बाजूला शेकाटा त्याच पाण्यामागे आनंदाने चालत जाणार. तलाव एकच, वाचन दोन. आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर. मुलांना हे सांगितले तेव्हा त्या मुलाने थोडा विचार करून विचारले, ‘‘मग आपण कोणाच्या बाजूनं बघायचं?’’ आम्ही लगेच उत्तर दिले नाही. सकाळचा धडा ताजा होता.

दुपारनंतर नांदेडच्या तुकडीतील एक मुलगी आमच्याजवळ आली. सकाळपासून ती पक्ष्यांकडे फारशी पाहत नव्हती, हे आमच्या ध्यानात आले होते. ती म्हणाली, ‘‘सर, माझ्या आजीचं माहेर ह्याच्याखाली आहे.’’

धरणाच्या पाण्याखाली शंभरावर गावे गेली, हे वाक्य आम्ही सकाळी सांगितले होते. आकडा म्हणून सांगितले होते. त्या आकड्यातले एक गाव आता समोर उभे होते. आजी दरवर्षी षष्ठीला पैठणला येते, नाथांच्या समाधीचे दर्शन घेते. पण धरणावर चल म्हटले की नको म्हणते. नात तिकडेच चालली आहे हे कळल्यावर तिने एवढेच सांगितले होते, ‘‘देवळाचा कळस दिसतो का, बघून ये.’’ ऐन उन्हाळ्यात पाणी फार उतरले की तो दिसतो, असे तिने कोणाकडून तरी ऐकले होते.

फेब्रुवारी होता. आदल्या पावसाळ्यात धरण भरले होते. कळस दिसण्याची शक्यता नव्हती. आमच्याजवळ सातवाहन होते, गाथासप्तशती होती, पक्ष्यांची संस्कृत आणि मराठी नावे होती. त्या मुलीला दाखवता येईल असे काही नव्हते. आम्ही तिला घेऊन सकाळच्या त्या मच्छीमारांकडे गेलो. तिने गावाचे नाव सांगितले. त्यांनी क्षणभर तिच्याकडे पाहिले आणि वल्हे उचलून पाण्यावर एक दिशा दाखवली. ‘‘त्या तिथं. तिथं आम्ही जाळं टाकत नाही. भिंतीला गुततंय.’’

त्या दिवशी ऐकलेले सर्वांत अचूक स्पष्टीकरण हे होते. त्यात अलंकार नव्हता, हळहळ नव्हती. जाळे कुठे अडकते याचे नुसते ज्ञान होते, आणि त्या ज्ञानामुळे एक बुडालेले गाव पुन्हा आपल्या जागेवर आले. मुलगी तिकडे पाहत राहिली. तिथे पाणी इतर पाण्यासारखेच होते आणि त्यावर काही वारकरी पक्षी संथ पोहत होते. तिने फोनमध्ये एक छायाचित्र घेतले. त्यात पाण्याशिवाय काही येणार नव्हते, हे तिलाही माहीत होते.

परतीच्या आधी नाथांच्या वाड्यात गेलो. तिथे बसल्यावर जे जाणवले ते सांगून हा लेख आटोपता घेतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तीनशे वर्षांत हातोहात उतरताना ग्रंथात जे अपपाठ शिरले होते ते त्यांनी दूर केले, आणि यापुढे कोणी आपल्या ओव्या यात घालू नयेत असे बजावले. स्वतः एवढा समर्थ कवी असून त्यांनी दुसऱ्याच्या ग्रंथाजवळ आपला आवाज खाली ठेवला. ‘पाठशुद्धी’ आणि ‘प्रक्षेप’ हे शब्द आम्ही एम.ए.च्या वर्गाला दरवर्षी समजावतो. निसर्गापुढे उभे राहिलेल्या शिक्षकालाही तेच काम असते, हे मात्र पैठणला जाऊन कळले. समोर एक संहिता आहे. तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या आपण बोलत आलो आहोत. त्यातले किती आपण घातलेले आणि किती मुळातले, हे निवडावे लागते. चक्रवाकाचे दुःख हा प्रक्षेप असेल, पण रात्रीची साद मुळातली आहे. ‘मृत साठा’ हा एक पाठ आहे, चिखलात चरणाऱ्या पक्ष्याने तो खोडला आहे, आणि उन्हाळ्यात त्याच पाण्यावर जगणाऱ्या माणसांनीही. आजीचे गाव मात्र पाठभेद नव्हे. ती या पानावरची आधीची, पुसलेली लिहिणी आहे. वरचे अक्षर कितीही सुंदर असले तरी खालचे वाचता यायला हवे. कोणाच्या बाजूने पाहायचे, या त्या मुलाच्या प्रश्नाचे आमचे उत्तर एवढेच, की एका बाजूने पाहताना दुसरा पाठ खोडू नये.

त्या संध्याकाळी आम्ही मुक्काम वाढवला आणि अंधार पडल्यावर पुन्हा काठावर गेलो. या वेळी कोणालाही गप्प बसायला सांगावे लागले नाही. बराच वेळ नुसता वारा होता. मग लांबून अनुनासिक, किंचित फुटलेला स्वर आला, आणि काही वेळाने दुसऱ्या बाजूने तसाच दुसरा. मुले एकमेकांकडे पाहू लागली. आम्ही काही सांगितले नाही.

पुढे महिन्याभराने वर्गात चाचणी घेतली. कविसंकेतांवर टीप होती. त्या नांदेडच्या मुलीने हंस, चकोर, चातक यांच्याविषयी पाठातले सगळे नीट लिहिले होते, आणि चक्रवाकाशी आल्यावर व्याख्येखाली एक ओळ जास्त होती : हा पक्षी मी आजीच्या गावाजवळ पाहिला, रात्री त्याचा आवाजही ऐकला, तो रडत होता की बोलत होता ते मला कळले नाही.

आम्ही पाचपैकी पाच गुण दिले.